दिग्दर्शनाच्या वर्गात गटकामाला गुण कधी मिळणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माध्यम-अभ्यासक्रमाच्या एका विद्यार्थ्याने दिग्दर्शनाच्या वर्गातील अनुभव आपल्या पुरवणीत लिहिला आहे. आठ जणांचा गट, चार मिनिटांची फिल्म, शेवटच्या आठवड्यात उडालेले खटके, संवाद ऐकू येत नाहीत म्हणून ऐन वेळी चढवलेले संगीत, आणि फिल्म दाखवून झाल्यावर एकमेकांशी न बोलणारे मित्र. लेख प्रामाणिक आहे, त्यातले दुःख खरे आहे. त्याचा निष्कर्ष मात्र आम्हाला पटला नाही. गटात काम जमणे ज्याच्या त्याच्या स्वभावावर असते, असे त्या विद्यार्थ्याने म्हटले आहे. हा समज अनेक महाविद्यालयांचाही आहे आणि त्यापायी दरवर्षी चांगल्या मुलामुलींचे नुकसान होते, म्हणून दिग्दर्शन, ध्वनी आणि संकलन शिकवणारे आम्ही काही जण जरा सविस्तर लिहीत आहोत.

फिल्मच्या सेटवर एकत्र काम करणे ही एक्स्पोजर (कॅमेऱ्यात किती प्रकाश घ्यायचा ते) लावण्याइतकीच शिकवता येणारी गोष्ट आहे. कोणी कोणाला काय द्यायचे, कधी द्यायचे, कागदावर काय उतरवायचे, कोणत्या क्षणी कोणी बोलायचे, हे सगळे ठरलेले असते. धंद्यात ते ठरलेले असते म्हणूनच एकमेकांना आधी कधीही न भेटलेली साठ-सत्तर माणसे सकाळी सातला एका बंगल्यात जमतात आणि संध्याकाळपर्यंत काम उरकून पॅकअप करतात. त्यांचे स्वभाव जुळलेले नसतात.

महाविद्यालयात बहुधा उलटे घडते. मैत्रीवरून गट पडतात. ज्याच्या घरी कॅमेरा आहे तो कॅमेरामन होतो, ज्याचा आवाज मोठा तो दिग्दर्शक, आणि उरलेल्यांची नावे श्रेयनामावलीत कुठेतरी बसवली जातात. शिक्षक पटकथेवर एकदा सही करतात आणि थेट तयार फिल्म पाहतात. बाहेरून आलेले परीक्षक दहा-बारा फिल्म ओळीने बघून गुण देतात, आणि एका गटातल्या सगळ्यांना तेच गुण पडतात. यात कोणाची चूक कोणापर्यंत पोचली हे कधीच उघड होत नाही. आवाज बिघडला तर तो ध्वनी सांभाळणाऱ्या मुलीमुळे बिघडला, की दिग्दर्शकाने पंखा बंद करायला वेळच दिला नाही म्हणून, हे कोणी विचारत नाही. मग राग माणसांवर निघतो.

पुण्यातल्या वाचकांना तर कामाची अशी ठरलेली वाटणी परकी वाटू नये. १९२९ साली कोल्हापुरात पाच भागीदारांनी प्रभात फिल्म कंपनी काढली. शांतारामबापूंकडे दिग्दर्शन, फत्तेलालांकडे कलादिग्दर्शन, धायबरांकडे छायाचित्रण, सीतारामपंत कुलकर्ण्यांकडे पैशाचा व्यवहार. आणि बोलपटाचा काळ आल्यावर दामल्यांनी ध्वनिमुद्रण हाती घेतले. प्रत्येकाचे खाते वेगळे आणि त्या खात्यात त्याचा शब्द मोठा. १९३३ साली कंपनी पुण्यात आली, आणि त्याच आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. तिथेही दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन आणि ध्वनी हे स्वतंत्र अभ्यासक्रम आहेत आणि सरावाच्या फिल्मसाठी या वेगवेगळ्या शाखांतले विद्यार्थी एकत्र येतात. आपल्या महाविद्यालयांना एवढे विभाग परवडणार नाहीत हे मान्य. पण खाती वेगळी ठेवायला इमारत लागत नाही.

सुरुवात कशाने करावी? चार मिनिटांच्या कथेने तर मुळीच नाही. जगभरच्या फिल्म-शाळांत नवख्यांना दिला जाणारा एक साधा सराव आहे: एक माणूस दार उघडून खोलीत येतो, खोली ओलांडून दुसऱ्या माणसासमोर खुर्चीत बसतो आणि दोघे दोन-दोन वाक्ये बोलतात. फिल्म एका मिनिटाची. पण तेवढ्यात दिग्दर्शनाचे निम्मे व्याकरण येते. कडीवर हात ठेवणारा क्लोज (अगदी जवळून घेतलेला शॉट) आणि आतून दार उघडतानाचा शॉट जोडायचा तर दोन्ही शॉटमध्ये दार उघडण्याची पूर्ण क्रिया चित्रित झालेली हवी. नवखी मुले पहिला शॉट कडीवर हात पडताच कापतात आणि दुसरा दार उघडल्यावर सुरू करतात. संकलनात मधली क्रिया कुठेच सापडत नाही आणि कट उडी मारतो. माणूस चित्राच्या चौकटीच्या उजवीकडून बाहेर गेला असेल तर पुढच्या शॉटमध्ये त्याने डावीकडून आत यायला हवे, नाहीतर तो परत फिरल्यासारखा दिसतो. समोरासमोर बसलेल्या दोघांमधून एक काल्पनिक रेषा ओढली तर कॅमेरा तिच्या एकाच बाजूला राहायला हवा. तो पलीकडे गेला की दोघेही एकाच दिशेला बघून बोलत असल्यासारखे वाटतात. दोघांचे क्लोज घेताना लेन्स, अंतर आणि उंची सारखी ठेवावी. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांची उंची जमिनीपासून साधारण पावणेचार ते चार फूट असते, कॅमेरा तिथे हवा. उभ्या माणसाच्या उंचीवर लावलेला ट्रायपॉड तसाच ठेवून बसलेल्याचा क्लोज घेतला की चेहरा खाली दबलेला दिसतो. नेमके हेच सर्रास होते.

या सरावाला आठ शॉट पुरतात. दाराबाहेरचा एक, कडीचा क्लोज, आतून दार उघडतानाचा वाइड (लांबून, सगळी खोली दाखवणारा), त्याच वाइडमध्ये खोली ओलांडून बसेपर्यंतचा मास्टर (सगळी हालचाल सलग दाखवणारा), मग दोन्ही बाजूंची सजेशन (एकाच्या खांद्यावरून दुसरा दिसणारे शॉट) आणि दोन्ही क्लोज. प्रात्यक्षिकाचे चार तास धरा, म्हणजे २४० मिनिटे. सामान लावायला ४०, आवरायला आणि फुटेज उतरवायला ४०. उरली १६०, म्हणजे शॉटमागे २० मिनिटे. हा हिशेब फळ्यावर मांडला की वीस शॉटची यादी घेऊन आलेला दिग्दर्शक स्वतःच बारा शॉटवर काट मारतो. कोणाला ओरडावे लागत नाही. मोठ्या फिल्मसाठीही हाच हिशेब वाढवायचा: नेमक्या मांडणीत लिहिलेले पटकथेचे एक पान पडद्यावर सुमारे एक मिनिट चालते, आणि विद्यार्थ्यांच्या गटाने एका दिवसात दोन-तीन पानांच्या वर जाऊ नये.

शॉट कथेच्या क्रमाने घेऊ नयेत, कॅमेऱ्याच्या जागेप्रमाणे घ्यावेत. खिडकीकडे तोंड करून असलेले सगळे शॉट आधी, मग एकदाच कॅमेरा फिरवून उलट दिशेचे. मोठा शॉट आधी आणि जवळचे नंतर, कारण मास्टरमध्ये ठरलेला प्रकाश आणि हालचाली क्लोजमध्ये जुळवता येतात. उलट क्रमाने गेलात तर क्लोजसाठी जवळ आणलेला दिवा मास्टरच्या चौकटीत दिसतो. याला एकच अपवाद ठेवावा. अभिनेता लहान मूल किंवा वयस्कर असेल, किंवा प्रसंग रडण्याचा असेल, तर तो ताजा असतानाच त्याचा क्लोज उरकावा. हा क्रम लावणे सहायक दिग्दर्शकाचे काम, आणि तो क्रम आदल्या संध्याकाळी सहापर्यंत कॉलशीटवर सगळ्यांच्या हातात पडला पाहिजे. कॉलशीट एका पानाची असते: कोणी किती वाजता कुठे पोचायचे, पहिला शॉट किती वाजता, जेवण किती वाजता, जवळचे रुग्णालय कोणते, आणि प्रत्येक खात्याने काय आणायचे. जेवणाची वेळ लिहिणे क्षुल्लक वाटते. पण सहा तासांहून अधिक काळ उपाशी राहिलेल्या गटात दिग्दर्शकाचे कोणीही ऐकत नाही, हे कोणताही प्रॉडक्शनवाला सांगेल.

रेकी, म्हणजे जागेची आगाऊ पाहणी, प्रसंगाच्या वेळेलाच करावी. सकाळी अकराला शांत असलेल्या खोलीच्या खाली दुपारी चारला शाळा सुटते. तिथे दोन मिनिटे डोळे मिटून ऐकायचे, मग प्लग मोजायचे. घरातला साधा प्लग ६ अँपियरचा असतो. २३० व्होल्टवर तो १,३८० वॉटपर्यंत भार घेतो. त्यावर हजार वॉटचे दोन दिवे एकाच एक्स्टेंशनने लावले की फ्यूज उडतो, नाहीतर वायर तापते. गीझर आणि एसीचा १६ अँपियरचा प्लग कुठे आहे ते नकाशावर मांडून ठेवावे. हा नकाशा म्हणजे खोलीचा वरून काढलेला साधा आराखडा. त्यात दार, खिडकी, खुर्च्या, अभिनेत्यांचा मार्ग आणि कॅमेऱ्याच्या क्रमांकित जागा. चित्रकला येत नसली तरी चालते. स्टोरीबोर्ड, म्हणजे शॉटची चित्रे, सुंदर काढण्यात आठवडा घालवणाऱ्या गटापेक्षा असा आराखडा दहा मिनिटांत काढणारा गट सेटवर कमी भांडतो, असे आम्ही ठामपणे म्हणतो.

खाती कशी वाटायची, हा यातला सर्वांत नाजूक भाग. आठ जणांच्या गटात दिग्दर्शक, सहायक दिग्दर्शक, कॅमेरा, कॅमेरा सहायक व प्रकाश, ध्वनी, कंटिन्युइटी (एका शॉटमधले तपशील पुढच्या शॉटशी जुळते ठेवणे), प्रॉडक्शन (सेटची व्यवस्था) व कला, आणि संकलन अशी आठ कामे निघतात. ती चिठ्ठ्या टाकून द्यावीत आणि प्रत्येक सरावाला फिरवावीत. सत्र साधारण १५ आठवड्यांचे असते. एका सरावाला तीन आठवडे लागतात: पहिला कागदांचा, दुसरा शूटिंगचा, तिसरा संकलनाचा आणि वर्गात दाखवण्याचा. म्हणजे सत्रात चार सराव बसतात आणि यंत्रसामग्री हाताळायला शिकवण्यासाठी तीन आठवडे उरतात. दोन सत्रांत आठ सराव, आणि आठही जणांनी एकेकदा दिग्दर्शन केलेले असते. ज्याने एकदा माइकचा बूम, म्हणजे लांब दांडा, वर धरून सलग सहा टेक (एकाच शॉटची पुनःपुन्हा चित्रणे) काढले आहेत, तो दिग्दर्शक झाल्यावर सातवा टेक मागण्याआधी विचार करतो.

चिठ्ठ्यांचा आग्रह आम्ही एका कारणासाठी अधिक धरतो. वाटप मुलांवर सोपवले की वर्षानुवर्षे मुलींकडे वेशभूषा, जेवण आणि कंटिन्युइटी येते, आणि कॅमेरा व दिवे मुलांकडे जातात. कोणी मुद्दाम करत नाही, पण होते तसेच. दादासाहेब फाळक्यांचा चित्रपट १९१३ साली पडद्यावर आला, तेव्हा सरस्वतीबाई फाळके साऱ्या कंपनीच्या स्वयंपाकाबरोबर कच्च्या फिल्मला छिद्रे पाडणे, ती धुणे ही तांत्रिक कामेही करत होत्या. शंभरहून अधिक वर्षांनंतर आपल्या वर्गातल्या मुलीच्या हाती लेन्सची फोकस रिंग द्यायला चिठ्ठी लागावी ही खेदाची गोष्ट आहे. पण लागत असेल तर टाकावी. खेड्यातून आलेल्या, इंग्रजी संज्ञा ऐकून बुजणाऱ्या मुलांनाही या पद्धतीने पहिल्याच महिन्यात कॅमेऱ्याला हात लावायला मिळतो.

आता सेटवरची शिस्त. क्रम असा: आधी अभिनेत्यांना घेऊन दिग्दर्शक जागा आणि हालचाली ठरवतो, तेव्हा बाकी सगळे फक्त बघतात. थांबण्याच्या जागांवर जमिनीला रंगीत चिकटपट्टी लागते. मग अभिनेते बाजूला होतात आणि कॅमेरा व प्रकाशवाले काम करतात; तेवढ्या वेळात दिग्दर्शक अभिनेत्यांशी बोलतो. मग एक तांत्रिक रिहर्सल, आणि टेक. विद्यार्थी यातली पहिली पायरी गाळतात. दिवे लावून झाल्यावर अभिनेत्याला बोलावतात, तो भलत्याच जागी थांबतो, दिवे पुन्हा हलतात, अर्धा तास जातो आणि प्रकाश सांभाळणारा मुलगा चिडतो. त्याचा चिडण्याचा स्वभाव इथे कारण नसतो. क्रम चुकलेला असतो.

टेकच्या वेळी सहायक दिग्दर्शक शांतता मागतो. 'साऊंड' म्हटल्यावर ध्वनीवाला 'रोलिंग' म्हणतो, मग 'कॅमेरा' आणि पुन्हा 'रोलिंग', मग सीन, शॉट आणि टेकचा क्रमांक उच्चारून क्लॅप (क्रमांक लिहिलेली, आपटून वाजवायची पाटी), मग दिग्दर्शकाचे 'ॲक्शन'. क्लॅप चौकटीत स्पष्ट दिसायला हवा आणि त्याचा आवाज एकच, टणक. 'कट' फक्त दिग्दर्शकाने म्हणायचे, आणि संवाद संपल्यावर मनात पाच अंक मोजून म्हणायचे. त्या पाच सेकंदांत अभिनेत्याच्या चेहऱ्यावर जे येते ते संकलकाला सोन्यासारखे असते. टेकमध्ये माइक दिसला, फोकस गेला, तर ते 'कट'नंतर सांगायचे. मध्येच ओरडायचे नाही.

अभिनेत्याशी एकाच माणसाने बोलायचे, आणि तो दिग्दर्शक. कॅमेरामनला वाटले की मान थोडी डावीकडे हवी, तर तेही दिग्दर्शकाच्या कानात. चार जणांनी चार सूचना केल्या की नवखा अभिनेता गोठतो. दिग्दर्शकानेही एका टेकनंतर एकच सूचना करावी, आणि ती क्रियेच्या भाषेत. 'उदास दिस' म्हटले की चेहरा उदासीचा मुखवटा घालतो. 'तिला दारातच थांबव, पण हात लावू नकोस' म्हटले की काहीतरी घडते. संवाद स्वतः म्हणून दाखवणे टाळावे. अभिनेता मग नक्कल करतो आणि त्याचा स्वतःचा सूर पुन्हा मिळत नाही.

मतभेद होणार, ते व्हावेतच. त्यांची जागा मात्र कागदांचा आठवडा ही आहे. तेव्हा प्रत्येकाने शॉट-यादीवर हरकत घ्यावी, पटकथेतले वाक्य उडवायला सांगावे, आवाज चढवला तरी हरकत नाही. शूटिंगच्या दिवशी मात्र हरकत दिग्दर्शकाला बाजूला घेऊन, हळू आवाजात, एकदाच सांगायची. त्याने नाही म्हटले तर त्याच्या पद्धतीने टेक करायचा, आणि वेळ उरला तर दुसऱ्या पद्धतीचाही एक घ्यायचा. दिग्दर्शकाला उत्तर माहीत नसेल तर त्याने 'दोन मिनिटे द्या' असे सरळ सांगावे. मुलांना वाटते, असे म्हटले की मान जातो. खरे तर माहीत नसताना ठोकून दिलेले उत्तर पंधरा मिनिटांनी बदलावे लागते, आणि मान तेव्हा जातो.

ध्वनीवर जरा जास्तच लिहायला हवे, कारण विद्यार्थ्यांच्या बहुतेक फिल्म तिथेच बुडतात. कॅमेऱ्यावरचा माइक आठ फुटांवरून आवाज घेतो तेव्हा त्यात माणसापेक्षा खोली जास्त असते. माइकचे अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी ६ डेसिबलने पडते. चित्रात झूम करून जवळ गेले तरी माइक जवळ जात नाही, ही साधी गोष्ट मुलांच्या लक्षात राहत नाही. बूम चौकटीच्या वरच्या कडेच्या अगदी बाहेर, तोंडापासून दीड-दोन फुटांवर, छातीच्या दिशेने रोखलेला हवा. त्यासाठी चौकटीची कड कुठे आहे हे कॅमेरामनने टेकआधी दाखवून द्यायचे: हा एका खात्याने दुसऱ्याला द्यायचा निरोप, आणि तोच बहुतेक वेळा राहतो. कपड्यावर लावायचा माइक असेल तर मंगळसूत्र, ओढणी, कडक सुती शर्ट यांचे घासणे हेडफोनवर ऐकून घ्यावे. शहाबादी फरशी आणि रिकाम्या भिंती असलेल्या खोलीत आवाज घुमतो. चौकटीबाहेर सतरंज्या आणि गोधड्या अंथराव्यात, दोन-तीन टांगाव्यात; फरक तिथल्या तिथे ऐकू येतो.

पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिज पुन्हा चालू करायला विसरू नये म्हणून प्रॉडक्शन सांभाळणाऱ्याने आपल्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवावी. जुनी युक्ती आहे आणि ती चुकत नाही. ध्वनिमुद्रण ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर, आणि सर्वांत मोठे वाक्य उणे १२ डेसिबलच्या आसपास. शून्याला धडकून फाटलेला आवाज नंतर पूर्णपणे सुधारता येत नाही. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेत असलात तरी कॅमेऱ्यावर पायलट ट्रॅक, म्हणजे कॅमेऱ्याचा स्वतःचा आवाज, चालू ठेवावा, जुळवायला तोच कामी येतो. प्रत्येक जागा सोडण्यापूर्वी सगळ्यांनी पुतळ्यासारखे उभे राहून खोलीच्या शांततेचा एक मिनिटाचा आवाज घ्यावा. दोन वाक्यांमधल्या फटी त्यानेच भरतात. ट्रकने एखादे वाक्य खाल्ले असेल तर पॅकअपआधी त्याच खोलीत, कॅमेऱ्याशिवाय, माइक जवळ धरून ते वाक्य तीनदा म्हणवून घ्यावे. पाच मिनिटांचे काम आहे. ते न केल्यामुळेच शेवटच्या रात्री संगीत चढवावे लागते. एकमेकांवरचा राग शांत झाला असेल तर त्या विद्यार्थ्याच्या लेखातल्या गटालाही अजून त्याच खोलीत जाऊन, त्याच अभिनेत्यांकडून वाक्ये म्हणवून घेऊन फिल्म सावरता येईल.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूबचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवले की लुकलुक दिसत नाही. एक कॅमेरा २५ वर आणि मित्राचा फोन ३० वर, अशी मिसळ करू नये. अनेक फोन फ्रेमचा वेग आपोआप बदलत राहतात, त्यामुळे लांब टेकमध्ये वेगळा घेतलेला आवाज हळूहळू ओठांपासून सरकतो. वेग स्थिर ठेवणारे ॲप वापरावे. व्हाइट बॅलन्स (प्रकाशाच्या रंगानुसार पांढरा रंग जुळवणे) आपोआपवर ठेवू नये. आणि खिडकीचा उजेड व पिवळा बल्ब एकाच चेहऱ्यावर पडू देऊ नये.

फुटेजची जबाबदारी कॅमेरा सहायकाची. १०० मेगाबिटवर घेतलेले एका तासाचे चित्रण सुमारे ४५ जीबी होते, म्हणजे ६४ जीबीचे कार्ड सव्वा-दीड तासात भरते. कार्ड भरले की ते दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवायचे, प्रत्येक क्लिप उघडून पाहायची, आणि मगच कार्ड पुसायचे. दोन डिस्क दोन वेगळ्या घरी जायला हव्यात. एकाच बॅगेत ठेवलेल्या दोन प्रती बॅग हरवली की एकदमच जातात. कंटिन्युइटी सांभाळणाऱ्याने प्रत्येक शॉटच्या शेवटी फोनने फोटो काढावा आणि वहीत लिहावे: कप कोणत्या हातात, किती भरलेला, कोणत्या शब्दावर खाली ठेवला, बाही किती दुमडलेली, कोणता टेक दिग्दर्शकाला आवडला आणि का. ही वही म्हणजे सेटवर नसलेल्या संकलकाला लिहिलेले पत्र आहे. ती मिळाली नाही तर त्याला सगळे टेक मुळापासून पाहावे लागतात, आणि दोन दिवस त्यातच जातात.

संकलन दिग्दर्शकाने स्वतः करू नये. त्या शॉटसाठी पहाटे पाचला उठलो, तो ठेवायलाच हवा, असे त्याला वाटते. पहाटे पाच पडद्यावर दिसत नाही. संकलकाने पहिली जुळणी एकट्याने करावी, मग दोघांनी बसावे. कच्ची फिल्म पटकथा न वाचलेल्या तिघांना दाखवावी आणि त्यांना फक्त काय समजले ते सांगायला लावावे. काय बदलावे हे त्यांना विचारू नये. तिघांनाही दारातून आलेला माणूस भाऊ आहे की नवरा हे कळले नसेल, तर ती अडचण खरी आहे.

हे सगळे होते की नाही, हे गुणांवर ठरते. मुले गुणांकडे बघून काम करतात यात त्यांचा दोष नाही. म्हणून आमची विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांना विनंती आहे की तयार फिल्मला १०० पैकी ३० गुण ठेवावेत. ३० गुण त्या त्या खात्याच्या कागदांना: दिग्दर्शकाची शॉट-यादी आणि आराखडा, सहायकाची कॉलशीट, कंटिन्युइटीची वही, ध्वनीचा अहवाल, संकलकाच्या टिपा. ३० गुण सरावाच्या वेळी शिक्षकाने सेटवर उभे राहून केलेल्या निरीक्षणाला, आणि १० तोंडीला. तोंडीत प्रत्येकाला स्वतःच्या नव्हे, शेजारच्या खात्याबद्दल विचारावे. संकलकाला विचारा की तिसऱ्या शॉटला बूम का दिसतो. कॅमेरामनला विचारा की दुसरा टेक दिग्दर्शकाने का नाकारला. जे गट एकमेकांशी बोललेले असतात त्यांना उत्तर येते.

सहकाऱ्यांनी एकमेकांना गुण देण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. तिच्यापासून सावध राहावे. मित्र मित्राला पूर्ण गुण देतात आणि एकट्या पडलेल्याला सगळे मिळून पाडतात. त्याऐवजी प्रत्येकाकडून दोनच गोष्टी लेखी घ्याव्यात: मला कोणाकडून काय, किती वाजता मिळायला हवे होते, आणि ते कधी मिळाले. आठ जणांच्या अशा चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या की काम कुठे अडले ते शिक्षकाला दिसते, आणि कोणावर शिक्का बसत नाही.

यासाठी नवे कॅमेरे घेण्याची गरज नाही. आठ जणांच्या गटाला एक साधा कॅमेरा किंवा चांगला फोन, एक ट्रायपॉड, एक बूम माइक, एक रेकॉर्डर, बंद कानांचा एक हेडफोन, दोन एलईडी दिवे, दोन थर्माकोलचे पत्रे, एक क्लॅप, चिकटपट्टी आणि दोन हार्ड डिस्क पुरतात. ४० विद्यार्थ्यांच्या वर्गात पाच गट होतात. त्यांच्या शूटिंगचे दिवस आठवड्यात वेगवेगळे ठेवले तर असा एकच संच सगळ्यांना चालतो, फक्त हार्ड डिस्क प्रत्येक गटाच्या वेगळ्या लागतात. खर्चात काट मारायचीच असेल तर ती कॅमेऱ्यावर मारावी, माइकवर नको. वेळापत्रकात मात्र सलग चार तासांचे प्रात्यक्षिक हवे. ५० मिनिटांच्या तासिकेत सामान लावून होईपर्यंत घंटा होते, आणि मग शूटिंग रविवारी, शिक्षकाच्या नजरेआड होते. येत्या सत्राची वेळापत्रके लागायची आहेत. विभागप्रमुखांनी आताच दिग्दर्शनाच्या वर्गातल्या प्रत्येक गटासाठी आठवड्यातला एक अर्धा दिवस मोकळा ठेवावा आणि त्या अर्ध्या दिवसात शिक्षकाचे दुसरे कोणतेही व्याख्यान लावू नये.

आपले विश्वासू,
दिग्दर्शन, ध्वनी व संकलन शिकवणारे काही अध्यापक
पुणे